टिकलीनं शाळा सोडली

एका जंगलात एक शाळा निघाली. निघाली म्हणजे बाहेरून आली. बाळांनो, पाय पोटाशी घेऊन नीट बसा. ही शैक्षणिक गोष्ट आहे.

त्या जंगलातले पुष्कळ करकोचे पूर्वी समुद्र ओलांडून थंड देशात गेले होते. तिथं एका बागेतल्या तळ्याकाठी त्यांचं बस्तान बसलं. तळ्यात मासे भरपूर. शिवाय फिरायला येणारी माणसं पावाचे तुकडे टाकायची. सगळं छान होतं. फक्त तिथं त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. माणसं सगळ्यांना नुसतं ‘पक्षी’ म्हणायची आणि पाव टाकून पुढं जायची. याचं त्यांना वाईट वाटे, पण ते तसं कुणाला सांगत नसत.

वर्षातून एकदा ते सगळे एकत्र जमत. गावाकडचे बेडूक मागवून पोटभर जेवत. जेवण झालं की त्यांना मायजंगलाची आठवण येई. अशाच एका जेवणानंतर डॉक्टर करकोचे उभे राहिले. ते कशाचे डॉक्टर होते हे कुणी कधी विचारलेलं नव्हतं. ते म्हणाले की आपण इथं सुखात आहोत आणि तिकडं गोरगरिबांची पिल्लं शाळेवाचून उघडी पडली आहेत. सगळ्यांचे गळे दाटून आले. गळे लांब असल्यामुळे दाटायला जरा वेळ लागला. मग ‘मायजंगल शिक्षण सहाय्य मंडळ’ स्थापन झालं आणि सुकटीची पोती जंगलाकडे रवाना होऊ लागली. त्या सुकटीवर शाळा चालू लागली. हुप्पे नावाचे एक वानर हेडमास्तर झाले.

आता हौसाबाईकडे वळू. हौसाबाई मुंगूस बोरीच्या झुडपाखाली एका बिळात राहायची. तिच्या नवऱ्याला नागोजीराव नावाचा नाग चावला होता. नवऱ्याचा दोष इतकाच की त्याला साप धरता येत नव्हता. लहानपणी तो दुसऱ्यांची बिळं उकरायला जायचा, त्यामुळे शिकायचं राहून गेलं. मागं राहिल्या हौसाबाई आणि तिची पोर टिकली. टिकलीला साप धरता आला पाहिजे, एवढी एकच गोष्ट हौसाबाईला हवी होती. नागोजीराव त्याच रानात फिरत होता आणि त्याला बोरीचं झुडूप माहीत होतं.

हौसाबाईला थोडंफार येत होतं. पण आपण अडाणी, आपल्याला येतं ते काही शिक्षण नव्हे, असं तिला वाटे. तिनं टिकलीच्या अंगावरचे केस चाटून नीट बसवले आणि तिला शाळेत घातलं.

पहिल्या दिवशी पोर घरी आली तशी हौसाबाईनं विचारलं, “काय शिकलीस गं?”

“स्वागतगीत.”

“आणि साप?”

“साप अजून आले नाहीत. परवा तळ्यावरचे काका-काकू येणार आहेत.”

बाळांनो, यात हुप्पे सरांची काही चूक नव्हती. सर्पविद्या वेळापत्रकात होती. पण करकोचे एका वेळी येत नसत. कुणी दिवाळीला यायचे, कुणी भाच्याच्या लग्नाला, कुणी चोच साफ करून घ्यायला, कारण तिकडं ते फार महाग पडे. आलं की प्रत्येकाला आपल्या सुकटीवर वाढलेली पिल्लं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असत. मग दारात रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, हार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द, फोटो. हार घालताना पिल्लू पाहुण्यांचं पूर्ण नाव घेई, आणि ते ऐकून करकोच्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी येई. एक पाहुणे गेले की दुसऱ्यांची तयारी. सर्पविद्येचा तास पुढच्या आठवड्यावर जाई.

हौसाबाईनं सरांना जाऊन विचारलं. सर म्हणाले, काळजी करू नका, टिकलीचा आवाज गोड आहे, पुढच्या कार्यक्रमात हाराचं काम तिच्याकडेच दिलंय. हौसाबाई घरी आली. शिकलेला माणूस सांगतो ते उगीच सांगणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

टिकली मोठी होत गेली. आता तिला स्वागतगीताच्या तीन चाली येत होत्या. ताट न हलवता औक्षण करता येत होतं. पाहुणा कोण, कुठला, कशाला आला, हे न विचारता हसता येत होतं.

एके दिवशी हौसाबाई तिचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेली. पोरं रांगेत उभी होती. कुणीतरी पाहुणे यायचे होते. तेवढ्यात फाटकातून नागोजीराव आत आला. तो खरं तर जेवायच्या उद्देशानं आला होता. पण अनोळखी पाहुणा दिसताच पोरांनी सवयीनं स्वागतगीत सुरू केलं. हुप्पे सरांनी खुर्ची पुढं केली.

नागोजीरावाला जन्मात कुणी खुर्ची दिली नव्हती. तो गडबडला. गडबडल्यावर त्यानं फणा काढला, आणि फोटो फार चांगला आला.

“साहेब, दोन शब्द बोलावेत,” हुप्पे सर म्हणाले.

नागोजीराव बोलू लागला. “या शाळेतल्या अनेक पालकांशी माझा जवळून संबंध आला. काहींच्या तर शेवटच्या क्षणी मी सोबत होतो.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टिकली हार घेऊन पुढं निघाली. तिला त्याचं नाव तेवढं विचारायचं होतं.

हौसाबाईनं त्याला ओळखलं. तिनं डबा टाकला आणि सरळ नागोजीरावाच्या अंगावर झेप घेतली. चार मास्तरांनी मिळून तिला मागं ओढलं. अहो बाई, पाहुणे आहेत ते, असं सगळे तिला सांगू लागले. तिनं टिकलीचा कान दातात धरला आणि तिला घरी नेलं. टिकली वाटभर रडत होती. तिचा हार घालायचा राहिला होता.

त्या दिवसापासून टिकली शाळेत गेली नाही. हौसाबाई तिला येईल तसं शिकवू लागली. फण्याकडे बघायचं नाही, मानेच्या मागं बघायचं. तो डोलला तर आपण डोलायचं नाही. एक वेल ओढून ती साप व्हायची आणि टिकली धरायची. सुरुवातीला टिकली वेलीसमोर हात जोडून उभी राहायची. हौसाबाईला तेव्हा रडू यायचं, पण ती पुन्हा वेल ओढायची.

इकडं मंडळानं हुप्पे सरांना विचारलं की सर्पविद्या अजून सुरू का नाही? सरांनी कळवलं की त्या विषयाला अनुभवी शिक्षक मिळत नव्हते, आता मिळाले आहेत. नागोजीराव सर्पविद्येचा शिक्षक झाला. पुढं वसतिगृहाचा अधीक्षकही झाला. तो रात्री पिल्लांमध्येच झोपायचा, याचं मंडळाला फार कौतुक वाटलं. सकाळच्या हजेरीला एखाददुसरं पिल्लू कमी भरे. त्याला अहवालात गळती म्हणत आणि कारण लिहीत, पालकांची अनास्था.

गळतीचं वाचून तळ्यावर सगळे हळहळले. त्यांनी सुकट वाढवली. डॉक्टर करकोच्यांना मात्र राहवेना. प्रत्येक गळालेल्या मुलाच्या घरी स्वतः जायचं ठरवून ते आले. पहिलं नाव टिकलीचं होतं.

मान बिळात शिरेना म्हणून ते बाहेरच उभे राहिले. त्यांनी दप्तर आणलं होतं, वह्या आणल्या होत्या. ते चांगले होते, बाळांनो. त्यांनी मनापासून हौसाबाईला विनवलं, पोरीला परत पाठवा, तिचं आयुष्य फुकट घालवू नका.

“साहेब, तुमचं मन मोठं आहे,” हौसाबाई म्हणाली. “पण माझी पोर मला जिवंत पाहिजे.”

डॉक्टर यावर काही बोलणार, तेवढ्यात टिकली आली. ती तोंडात काहीतरी धरून मागं मागं ओढत होती. तो नागोजीराव होता. मान मोडली होती. अंगावर शाळेची शाल तशीच होती.

हौसाबाई डॉक्टरांना तिथंच सोडून धावली. तिनं पोरीचे पाय पाहिले, पोट पाहिलं, नाक पाहिलं, कानांच्या मागं पाहिलं. कुठंही चावा नव्हता. मग ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. नवरा गेल्यापासून तिला असं रडायला सवड झाली नव्हती.

डॉक्टर करकोचे बराच वेळ आपल्या अधीक्षकांकडे बघत राहिले. त्यांचा गळा हळूहळू दाटला.

“म्हणूनच मी सांगत होतो, हौसाबाई,” ते म्हणाले. “शाळा सुटली की पोरं अशी वाया जातात.”

तात्पर्य : मुलांना शाळेतून काढू नये. घरी राहिली की ती काहीतरी शिकतात.