ताशी वीस, तात्पुरती

दोन वर्षांचं काम खात्याने अवघ्या पाच वर्षांत तडीस नेलं. त्याच जुन्या लोहमार्गावरून आता गाडी ताशी ऐंशीऐवजी एकशे साठने धावणार होती. रूळ नवे, खडी नवी, वळणं सरळ केलेली, दुतर्फा कुंपण. जुनी राहिली होती ती एकच वस्तू, मुकादमाच्या क्वार्टरसमोरची पिवळी पाटी: 'वेग ताशी वीस. चार किलोमीटर. तात्पुरती.'

ही तात्पुरती पाटी बावीस वर्षं उभी होती. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम दरवर्षी तिला स्वतःच्या हाताने रंग द्यायचा. नवे रूळ टाकताना मजुरांनी ती उपटून बाजूला ठेवली आणि काम झाल्यावर होती तिथेच पुन्हा रोवली. काढून टाका असा हुकूम त्यांना नव्हता.

मुकादमाच्या घरात माणसं दोनच, तो आणि त्याची मुलगी. ती शिकून नर्स झाली आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात लागली. "बाबा, सातची गाडी पन्नास मिनिटांत पोहोचली तर मी इथूनच ये-जा करीन," ती म्हणाली होती. "आठला ड्यूटी आहे. नाहीतर एक तारखेपासून हॉस्टेल." बायको गेल्यापासून या पोरीच्या बडबडीवरच मुकादमाचं घर चाललं होतं.

चाचणीची गाडी वाऱ्यासारखी आली, पाटीपाशी मंदावली आणि आतल्या बड्या पाहुण्यांना घेऊन चार किलोमीटर रांगत गेली. शहर गाठायला बासष्ट मिनिटं लागली.

मुकादम साहेबांकडे गेला. "साहेब, ती पाटी काढा ना."

"काढू की. पाटी लावण्याचं कारण दूर झाल्याचा दाखला आण."

"कारण काय लिहिलंय, साहेब?"

साहेबांनी फाइल उघडली. 'कारण: मागील वर्षाप्रमाणे.' मागच्या वर्षीच्या फायलीतही तेच होतं, त्याच्या मागच्याही. अगदी पहिली फाइल वाळवीने नियमानुसार निकालात काढली होती.

तिघांची समिती नेमली गेली. तिने चार किलोमीटर पायी तपासले आणि अहवाल दिला: 'मार्गात कोणताही दोष आढळला नाही. सबब कारण अद्याप अज्ञात आहे. अज्ञात कारण हे ज्ञात कारणापेक्षा अधिक धोकादायक समजून वेग ताशी दहा करावा.' नव्या आकड्यासाठी मुकादमाला रंगाचा डबा मिळाला.

खरं सांगायचं तर कारण मुकादमाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. समितीने सगळ्यांना विचारलं, पाटी रंगवणाऱ्याला तेवढं विचारायचं राहिलं. आता मात्र गप्प राहण्यात अर्थ नव्हता. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून तो पुन्हा साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, पोरगी आठ महिन्यांची होती. दात येत होते, तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. एका दुपारी कशीबशी झोपली, तर गाड्यांच्या धडधडीने सारखी दचकायची. तेव्हाच्या साहेबांना दया आली. म्हणाले, संध्याकाळपर्यंत लावू पाटी. संध्याकाळी त्यांची बदली झाली."

साहेब रागावले नाहीत. बावीस वर्षांत प्रथमच कारण हाती लागलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मुलगी आता कुठे असते?"

"घरीच की."

"म्हणजे कारण अजून जागेवर आहे."

"तेविसावं लागलंय तिला, साहेब. गाडीच काय, घड्याळाच्या गजरानेही उठत नाही."

"पण झोपते ना?"

"झोपते."

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं. "मग कारण दूर झालं असं मी कसं लिहू?"

एक तारखेला मुलगी ट्रंक घेऊन हॉस्टेलवर गेली. दाखला त्याच दिवशी निघाला: 'कारण शहरात स्थलांतरित.' पाटी उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सातची गाडी बरोबर पन्नास मिनिटांत शहरात पोहोचली. वर्तमानपत्रांत साहेबांचा फोटो आला.

मुकादमाने मुलीला फोन केला. "अगं, पन्नास मिनिटांतच जाते आता. ये की परत."

"बाबा, मी आले की पाटी पण येईल ना?"

येणारच होती. तसं खात्याने त्याच्याकडून लिहूनच घेतलं होतं.

तेव्हापासून ती फक्त रविवारी येते. सकाळी तिची गाडी आली की मुकादम पाटी रोवतो आणि संध्याकाळी ती गेली की उपटतो. दुपारी जेवून ती आडवी होते. तो दाराशी बसून रांगत जाणाऱ्या गाड्या बघतो, आणि आठवड्यात तेवढा एकच दिवस तो सुखी असतो.

एखाद्या रविवारी आपलीही गाडी तिथे विनाकारण रेंगाळेल. आपण घड्याळ बघाल, शेजारच्याशी खात्याच्या नावाने बोटं मोडाल. तक्रारवही गार्डाकडे मिळते. जरूर लिहा. दखल ताबडतोब घेतली जाईल, कारण या वेळी काय दूर करायचं ते खात्याला नेमकं ठाऊक आहे.