सोमारीची भट्टी आणि लाल डोंगर

मुलांनो, एका जंगलात एक डोंगर होता, लाल दगडाचा. दगड हातात घेतला की पंजा लाल व्हायचा. पायथ्याशी सोमारी नावाची अस्वलीण राहायची. ती त्या दगडातून लोखंड काढायची.

कसं? मातीची उंच भट्टी करायची. तिच्यात एक थर कोळशाचा, एक थर फोडलेल्या दगडाचा. मग दिवसभर भाता चालवायचा. दगडातली घाण, म्हणजे मळी, वितळून खालून वाहून जाते आणि आत लोखंडाचा भोकाभोकांचा गोळा उरतो. तो तापलेला असतानाच घणाने ठोकायचा. जंगलातले सगळे विळे, कुऱ्हाडी तिनेच घडवलेल्या.

एकदा शेजारच्या राज्यातले लांडगे आले. "हा डोंगर आम्ही नेला तर चालेल?" असं त्यांनी सिंहमहाराजांना विचारलं.

महाराजांनी सोमारीला बोलावलं. "यात काय आहे?"

"लोखंड आहे, महाराज. अर्ध्याहून जास्त."

"हे तू कुठे शिकलीस?" प्रधान कोल्ह्याने विचारलं.

"आईकडे."

दरबार हसला. सोमारीने कमरेचा विळा काढून पुढे ठेवला. कोणी हात लावला नाही.

लांडग्यांच्या तज्ज्ञाने अहवाल दिला, की डोंगर म्हणजे नुसती लाल माती आहे. ती माती लांडगे फुकटात उचलून न्यायला तयार होते. महाराजांनी त्यांचे आभार मानले. धूर होतो म्हणून सोमारीची भट्टीही फोडायला लावली.

सोमारी दोन दिवस त्या ढिगाऱ्यापाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दगडाच्या गाड्यांमागे चालू लागली. "दगड जातोय तिकडे काम असेल," एवढंच शेजारच्या सांबरिणीला म्हणाली.

चार वर्षांत डोंगर संपला. विळेही झिजले. तेव्हा महाराजांनी परराज्यातून लोखंडाचे तज्ज्ञ मागवले. वेशीवर कमान उभारली. गाडीतून उतरली सोमारी.

प्रधानाने तिला ओळखलं. तरी गळ्यातलं कार्ड वाचून खात्री करून घेतली, आणि मग हार घातला.

"एक थर कोळसा, एक थर दगड," सोमारी सांगत गेली. सगळ्यांनी लिहून घेतलं.

"हे आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नाही," महाराज म्हणाले.

सोमारीने माती कालवली, भट्टी उभी केली, भाता बसवला. मग हात पुसत म्हणाली, "आता दगड आणा."

प्रधानाने वही मिटली. "दगडाचा विषय पुढच्या वर्षी घेऊ," तो म्हणाला, आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेला.

तात्पर्य: घरातल्या जाणत्या माणसाला आधी घालवून द्यावं. परत आल्यावर त्याचं ऐकता येतं. डोंगर परत येत नाहीत. पण त्यांना हारही घालावा लागत नाही.