बळदातली आठ सालं

लिंबाजीबप्पा कुणाच्याही घरी चहाला बसले की पहिला घोट लगेच गिळत नाहीत. तो तोंडात धरतात, डोळे मिटतात आणि घरची बाई उंबऱ्यात जीव मुठीत धरून उभी राहते. मग निकाल लागतो. "म्हैस सरकीच्या पेंडीवर हाय. पत्ती कालचीच उकळली. आन् पानी खालच्या आळीच्या हिरीचं." हे सगळं खरं निघतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. माझ्या बायकोनं तर एका उन्हाळ्यात त्यांना चहा विचारणंच सोडून दिलं होतं.

एका दुष्काळात गावात टँकर आला. बप्पांनी चूळ भरली आणि सांगितलं, "दोन हिरींचं हाय. बारा आणे वडाच्या मळ्यातलं, चार आणे नदीकडचं." टँकरवाला घाबरून खाली उतरला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. त्यानं काही गुन्हा केलेला नव्हता, पण बप्पांच्या जिभेपुढं माणसाला आपोआप गुन्हेगार वाटतं.

युसूफवडगाव या गावी मी आलो तो पशुधन पर्यवेक्षक म्हणून. गावानं पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हटलं आणि मीही कधी चूक दुरुस्त केली नाही. निवृत्त झालो तरी इथंच राहिलो. बप्पांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळं त्यांची प्रत्येक काळजी आधी माझ्याकडं येते, मग त्यांच्या घरात जाते. म्हैस डाव्या कुशीवर बसली, आभाळात एकच ढग आला, पोस्टमन हसला नाही, काहीही झालं की बप्पा कुंपणापाशी हजर. "डॉक्टर, समदा इस्कोट हुईल बगा." तीस वर्षांत इस्कोट काही झाला नव्हता. पण त्याची वाट इतक्या निष्ठेनं पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा महादेव शेतकी शिकला आणि ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या एका जगप्रसिद्ध लाल वाइनच्या मळ्यात तो काम करतो. द्राक्षं तोडण्यापासून पिंपं भरण्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. तिथं कामगाराला वर्षाला एक बाटली मिळते. ती तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती गावाकडं धाडायचा आणि फोनवर बजावायचा, "बप्पा, फोडू नका. मी आलो की सगळी सालं ओळीनं चाखू. दर सालाची चव येगळी असती."

आता बप्पा माळकरी. नारायणगडावर जाऊन माळ घातलेली, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पहिली बाटली आली तेव्हा ती धोतराच्या सोग्यानं धरून घरात नेली. ठेवायची कुठं? देवघरापासून सगळ्यात लांब, म्हणून बळदात. बळद म्हणजे जुन्या घरांत भिंतीतच बांधलेली धान्याची कोठी. तिथं ज्वारीत बाटली आडवी पुरली आणि तिच्यावरच्या चिठ्ठीचं तोंड भिंतीकडं केलं, म्हणजे देवाला वाचता येऊ नये. पुढं महादेव म्हणाला, वाइन अशीच आडवी, थंड आणि अंधारात ठेवतात. बप्पांनी ते ऐकून मिशीला पीळ दिला होता.

अशा आठ बाटल्या जमल्या. त्यातल्या एकीचा इतिहास मात्र मला आणि बप्पांनाच ठाऊक होता.

ज्या साली विमानं बंद होती, त्या साली गयाकाकूंनी, म्हणजे बप्पांच्या मंडळींनी, अंथरूण धरलं. एका दुपारी बप्पा कुंपणापाशी आले. हातात पाचवी बाटली, पंच्यात गुंडाळलेली. "डॉक्टर, तुमची बैलाची सुई हाय का?"

"कावून?"

"हिला आन्न जाईना. चमचाभर द्यावं म्हन्तो. पन बूच उघडलं तर म्हादूला कळंल."

मी जनावरांचा माणूस, त्यात शेजारधर्म. बैलाची जाड सुई घेतली, वरच्या पत्र्यातून आणि बुचातून आरपार घातली, बाटली उलटी धरली आणि पिचकारीनं वाइन ओढली. बुचाला टाचणीएवढं भोक, बाकी सगळं जसंच्या तसं. असा उद्योग नऊ दिवस चालला. दहाव्या दिवशी काकू गेल्या. बाटली पाव रिकामी झाली होती.

तेराव्यानंतर बप्पा ती घेऊन परत आले. "लेकरू बगंल तर काय म्हनंल? आई मरायला टेकली आन् बाप दारू काढीत बसला!" मग मी दुसरं पाप केलं. माझ्या साखरेच्या आजारावर बायकोनं जांभळाचा शिरका घालून ठेवला होता. तसाच लाल-काळा, आंबट. त्याच सुईनं तो आत सोडला आणि भोकावर मेणाचा थेंब दिला. कामगिरी अशी सफाईदार की मला स्वतःचं कौतुक वाटलं. चारच दिवस वाटलं.

पुढची चार वर्षं बप्पांनी मला सुखानं जेवू दिलं नाही. "डॉक्टर, त्याला कळंल का?" बळदातून ज्वारी काढायची म्हटली की हाच प्रश्न. मी म्हणायचो, "न्हाई कळायचं." ते म्हणायचे, "माझा लेक हाय. जीभ माझीच गेलीय त्याच्याकडं."

आणि यंदा दिवाळीनंतर महादेव आला.

दुपारी ओसरीवर सतरंजी अंथरली. महादेवनं पेट्यांतून फुग्याच्या कागदात गुंडाळलेले काचेचे पेले काढले, आठ बाटल्या सालवार मांडल्या आणि मधोमध दुधाची बादली ठेवली.

"ही कशाला?" बप्पांनी विचारलं.

"थुकायला. चाखायचं आन् थुकायचं, बप्पा. तिकडं मोठी मोठी मानसं तसंच करत्यात."

"थुकायचंच हाय तर यवढ्या लांबून आनली कावून?" बप्पा म्हणाले. एरवी मी हसलो असतो. पण माझं लक्ष पाचव्या बाटलीच्या बुचाकडं होतं.

महादेव पहिलं साल तोंडात धरून डोळे मिटून बसला. हुबेहूब बाप. "त्या साली उन्हाळा लई कडक व्हता," म्हणून बादलीत थुंकला. दुसरं साल. तिसरं. प्रत्येकाचं वर्णन तो वहीत लिहीत होता. बप्पा माळेचे मणी ओढत होते, त्यात देवाचं नाव होतं की इस्कोटाचं ते त्यांनाच माहीत. चौथ्या सालाला ते उठले, म्हशीला पाणी दाखवून आले. म्हशीनं तोंडही लावलं नाही, तिला तासापूर्वीच पाजलं होतं.

पाचवी बाटली. वरचा पत्रा निघाला, बूच निघालं. महादेवनं पेल्यात ओतून वास घेतला आणि थांबला. पुन्हा वास घेतला. घोट तोंडात धरला. बराच वेळ धरला. आणि थुंकला नाही, गिळला.

"बप्पा, ही कुनी उघडली?"

मी तोंड उघडलं. "त्या साली बळदात जरा उष्णता..."

"डॉक्टर, ऱ्हाऊ द्या," बप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी एवढा शांत ऐकला नव्हता. "तुमालाबी मी खोटंच बोल्लो."

मग त्यांनी सांगितलं. काकूंना भूक नव्हती हे खरं, पण वाइन भुकेसाठी नव्हतीच. आपल्याकडं जाणाऱ्याच्या तोंडात मुलाच्या हातचं पाणी पडावं लागतं. काकू नऊ दिवस दाराकडं बघत होत्या. जीव जाईना.

"म्हादूच्या हातचं पानी पायजे, यवढंच म्हनायची. तू न्हवतास. मंग मला बळदातल्या बाटल्या आठवल्या. म्हनलं, ही द्राक्षं त्यानंच तोडली, त्यानंच भरली. हे बी लेकाच्याच हातचं की. माळ ऱ्हावो न्हाईतर जावो, मी रोज चमच्यानं पाजलं तिला. घे, म्हादू देतोय म्हनलं."

मी नऊ दिवस सुई चालवली होती आणि मला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याची आजही लाज वाटते.

महादेवनं डोळे पुसले. "काय म्हनली ती?"

"म्हनली, 'लई आंबट हाय वो. म्हादूला म्हनावं, जरा गूळ घालीत जा.'"

महादेव रडता रडता हसला.

"पन म्या आजून चाखली न्हाई," बप्पा म्हणाले. साऱ्या गावाचं पाणी चाखणारा माणूस, आणि बायकोच्या तोंडी शेवटी काय लागलं तेवढंच त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि खुंटीला अडकवली. "गडावर जाऊन पुन्यांदा घालीन."

मुलानं त्याच बाटलीतला घोटभर पेल्यात दिला. बप्पांनी तो तोंडात धरला, डोळे मिटले. मी आणि महादेव उंबऱ्यातल्या बाईसारखे वाट बघत राहिलो. बादली पुढं केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली. घोट गिळला.

"चार आणे डॉक्टरचं जांभूळ हाय," ते म्हणाले. "ते सोडून द्या." मग त्यांनी खुंटीवरच्या माळेकडं बघितलं.

"खरं व्हतं तिचं. जरा गूळ पायजे व्हता."