मोजणीवाले नाना आणि माझा पुढचा बाक

मोजणीवाले नाना माझ्या हॉटेलात पहिल्यांदा आले ते चहा प्यायला नव्हे. दारातच उकिडवे बसून त्यांनी इंचाइंचावर गाठ मारलेली दोरी काढली, माझी पायरी मोजली आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.

"साडेदहा इंच. हे हॉटेल चालायचं नाही."

उद्घाटनाचा नारळ अजून फुटायचा होता!

हॉटेल म्हणजे रेवसच्या धक्क्याजवळ उंच दगडी जोतं, वर झावळ्या, दोन बाक आणि एक चूल. मुंबईची गिरणी सोडून मी ते टाकलं होतं, आणि बायकोला शब्द दिला होता की पावसाळ्यात लाँच बंद व्हायच्या आत जम बसला नाही, तर मुकाट्यानं परत गिरणीत. असल्या वेळी माणसाला आशीर्वाद हवा असतो, पायरीची उंची नको असते.

नाना सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांची शेतं साखळीनं मोजली, आणि पेन्शनीत आल्यावर ते दुकानांवर घसरले. कुठलं दुकान चालतं, कुठलं बसतं आणि का, हे त्यांना मोजून काढायचं होतं. धक्क्यापासून दुकान किती पावलांवर, मालक तासाभरात कितीदा हसतो, कितीदा डोकं खाजवतो, ओहोटीला चिखल तुडवत येणाऱ्या उतारूंना पाय धुवायला पाणी ठेवलंय का, सगळं एका लाल वहीत. कुणी वाद घातला की एकच वाक्य, "मोजलंय मी."

ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मोजायचं तर मनात मोजा! पण नाना गिऱ्हाइकासमोर बोलणार. "दत्तू, सकाळपासून तू एकदाच हसलास. तेही बकरीकडे बघून." लाँचमधून उतरलेल्या माणसानं पहिला घोट घेतला न घेतला की, "अहो, साखर बरोबर आहे की जरा जास्त?" अरे, तो चहा प्यायला आलाय की साक्ष द्यायला?

बरं, बसायचे तेही रस्त्याकडच्या पुढच्या बाकावर. एका कपावर लाँच येऊन परत जाईपर्यंत. आत बसा म्हटलं तर, "इथूनच नीट दिसतं." आणि खोड अशी, की जोरात चालणाऱ्या दुकानाकडे ढुंकून बघायचे नाहीत. जिथं माश्या मारणं चालू, तिथं हे हजर. सायकलवाल्यानं दुकान टाकलं, त्याच्याकडे दुपारी. न्हाव्यानं टाकलं, त्याच्याकडे संध्याकाळी. लोकांचं बसलेलं दुकान बघण्यात या म्हाताऱ्याला कसली गोडी वाटते, असं म्हणून मी चरफडायचो.

एक दिवस एस.टी.साठी थांबलेलं अख्खं वऱ्हाड हॉटेलात शिरलं. नाना त्यांना म्हणाले, "भजी उत्तम असतात. पण पायरी चढेपर्यंत भूक मरते." वऱ्हाड खो खो हसलं आणि माझा तोल सुटला.

"उठा! उद्यापासून या बाकावर दिसलात तर दोरीसकट खाडीत फेकून देईन!"

नानांनी वही मिटली, स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाक कसा ऐसपैस मोकळा! लाँच आली. उतारू आले, डोकावले, पुढे गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भज्यांचा घाणा मी आणि धक्क्यावरच्या कुत्र्यानं मिळून संपवला.

समोर सुकी मासळी विकणाऱ्या पारूबाईपाशी मी जाऊन ओरडलो, "म्हातारा गावभर माझी बदनामी करत फिरतोय!"

"कुठं फिरतोय?" ती म्हणाली. "आरं येड्या, सुनं दुकान बघून कोन शिरतो का? पुढं मानूस बसलेला दिसला पायजे. तो तुझ्यासाठीच बसत व्हता. समद्या नव्या दुकानात बसतो."

"मग सरळ सांगायचं की!"

"कंच्या तोंडानं सांगंल? सोताच्या बायकोच्या दुकानात न्हाय बसला कधी."

मग तिनं सांगितलं. धक्क्याच्या रस्त्यावर त्या टोकाला जी बंद खोली आहे, तिथं नानांची बायको पापड विकायची. सरकारी माणसाला तिथं बसायची लाज वाटायची, समोरून जाताना ते छत्री आडवी धरायचे. दिवसचे दिवस ती रिकाम्या दुकानात एकटी बसून राहिली. दुकान बंद पडलं, मग तीही गेली. "तवापासनं मोजतोय. तितंच असंल बघ आता."

मी तरातरा निघालो. आता मला राग माझाच येत होता.

बंद दाराच्या पायरीवर नाना ताठ बसले होते. वही बाजूला, मिटलेली.

"काय मोजताय, नाना?"

"काही नाही. बसलोय."

मी शेजारी टेकलो. "उद्या सकाळी या," एवढंच म्हणालो. "पायरी उतरवून घेतो."

"तीन इंच," नाना म्हणाले.

तेवढ्यात लाँचमधून उतरलेली एक बाई वळकटी सावरत आमच्यापाशी थबकली. दोघं जण बसलेले बघून तिनं विचारलं, "इथं काय मिळतं हो?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजलंय मी" म्हणायची खरी वेळ ही होती. ते म्हणाले नाहीत. त्यांनी मागच्या बंद दारावर हात ठेवला.

"पापड मिळायचे," ते म्हणाले. "पोह्याचे. फार चांगले असायचे."