फुमिएबाईंचा बिनआवाजी फोटो

"उद्या मी गेले, तर देव्हाऱ्यात माझ्या जागी तुम्ही बगळा लावाल," भाताची वाटी नवऱ्यापुढे ठेवत फुमिएबाई म्हणाल्या.

मोमोसेंवरचा हा आरोप खरा होता. जपानातल्या सुवाच्या तळ्याकाठी राहून चाळीस वर्षं त्यांनी तळ्यावरचे बगळे टिपले, गोठलेलं तळं टिपलं, तळ्यावर उतरणारं धुकं तर कपाट भरेल इतकं टिपलं. फुमिएबाईंचा मात्र घरात धड एक फोटो नव्हता. एकात पाठ होती, एकात कोपर. आणि आता गावातल्या बायकांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. आपल्यामागे घरच्या पितरांच्या देव्हाऱ्यात लागायचा फोटो आपण हिंडत्याफिरत्या असतानाच काढून ठेवायचा, तोही आपल्या पसंतीने.

याला कारण शेजारच्या तोकुएआजी. त्यांचे यजमान गेले तेव्हा घाईघाईत सहलीच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला होता. चेहरा छान आला, पण खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला. नखं रंगवलेला. तेव्हापासून आजी रोज भाताचा नैवेद्य ठेवून यजमानांना हात जोडतात आणि मग त्या हाताकडे डोळे वटारून बघतात.

"आणि तुम्हीच काढायचा," फुमिएबाई पुढे म्हणाल्या. "परक्याने काढला तर मी परक्यासारखी दिसेन."

मोमोसेंना त्यापेक्षा बगळे बरे वाटले. फोटो वाईट आला तरी बगळा काही बोलून दाखवत नाही.

त्यांनी नुकताच नवा कॅमेरा घेतला होता. आत आरसा नाही, उघडझाप करणारी झडप नाही, सगळा विजेचा कारभार. मध्ये एक कडं बसवून त्यांनी त्याच्यावर आपली तरुणपणची लेन्स चढवली. तिच्या काचेत बुरशीचं बारीक धुकं धरलं होतं, पण मोमोसेंचा जीव तिच्यावर. कॅमेऱ्याने स्क्रीनवर अक्षरं उमटवली, 'लेन्स लावलेली नाही.'

"अरे, लावलीय की! डोळे फुटले का तुझे?" मोमोसे खेकसले.

कॅमेरा ढिम्म हलेना. अर्धी दुपार माहितीपुस्तिकेत डोकं घातल्यावर एका कोपऱ्यात ओळ सापडली, 'लेन्स नसतानाही फोटो काढू द्यावा.' तिथे 'हो' म्हटल्यावर स्वारी निमूट कामाला लागली.

"बघ ना, लेन्स आहे हे काही तो कबूल करत नाही," मोमोसे म्हणाले. "नसली तरी चालवून घेतो म्हणतो."

"सासूबाईंनी मला असंच चालवून घेतलं," फुमिएबाई केसांत काटा खोवत म्हणाल्या आणि जांभळा किमोनो सारखा करून खिडकीपाशी बसल्या. हनुवटी किंचित खाली, हात मांडीवर. त्यांनी श्वास रोखला.

खोलीत शांतता पसरली. बाहेर तळ्यावर हिवाळ्याचं फिकट ऊन पडलं होतं. शांतता संपेना. फुमिएबाईंचे गाल हळूहळू किमोनोच्या रंगाचे होऊ लागले.

"झालं?" शेवटी त्या धापा टाकत म्हणाल्या.

"झालं की! वीस-पंचवीस झाले."

"कधी? मला काही ऐकू नाही आलं."

"याला आवाज नसतो. बिनआवाजी आहे."

"मग मला कळणार कसं? श्वास कधी सोडायचा? अहो, हा फोटो आजच लावावा लागला असता!"

त्या वीस-पंचवीस फोटोंत फुमिएबाई गाल फुगवून बसल्या होत्या, आणि शेवटच्यात 'झालं' या शब्दातला 'झा' तोंडात होता. मोमोसेंनी मग आवाज तोंडाने काढायचं ठरवलं. "खचाक्!" ते गंभीरपणे म्हणाले. फुमिएबाईंना हसू फुटलं, आणि हसू आलं की त्या तोंडावर हात धरतात. पुन्हा "खचाक्", पुन्हा हात. फोटोत नुसता तळहात यायला लागला.

"तुमच्या तोंडचा आवाज नको. खरा पाहिजे," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

त्या वर्षी गल्लीच्या अग्निफेरीचं काम मोमोसेंकडे होतं. थंडीत रोज अंधार पडला की लाकडी टिपऱ्या वाजवत, 'आग सांभाळा' असं ओरडत गल्लीतून फिरायचं. टिपऱ्या दाराशीच टांगलेल्या होत्या. मोमोसेंनी तोकुएआजींना बोलावून ओसरीत उभं केलं, टिपऱ्या हातात दिल्या आणि कानाशी तोंड नेऊन समजावलं, "आजी, मी मान हलवली की एकदाच वाजवायची."

"एवढंच ना? मी जन्मभर वाजवल्यात," आजी म्हणाल्या.

तेच नडलं. टिपरी वाजली की आजींच्या तोंडून पुढचं आपसूक निघायचं. मोमोसेंनी मान हलवली. खट्ट! आणि पाठोपाठ नव्वदीच्या मानाने फारच खणखणीत आरोळी, "आऽऽग सांभाळाऽऽ!"

भर दुपारी अग्निफेरी नसते, हे गल्लीतल्या पोराबाळांनाही ठाऊक होतं. त्यातून 'सांभाळा' आजींच्या कवळीत अडकायचं, त्यामुळे चार घरांपलीकडे नुसतं 'आग' पोचलं. मोमोसे "आजी, नुसती टिपरी!" म्हणेपर्यंत आजींनी आणखी तीनदा गाव जागवला होता. तोफूवाले हामा गावच्या अग्निपथकाचे प्रमुख. ते शिरस्त्राण घालून, पाण्याची नळी खांद्यावर टाकून धावत आले. मागे बादल्या घेऊन अख्खी गल्ली. दाराशी सगळ्यांनी घाईघाईने बूट काढले, नीट जोडीने लावले आणि मग आत धाव घेतली.

"कुठाय? आग कुठाय?" हामा ओरडले.

फुमिएबाई जागच्या हलल्या नाहीत. टिपरी वाजली होती, तेव्हा फोटो निघत असणार असं समजून त्या हनुवटी खाली धरून बसल्या होत्या. मोमोसेंचं बोट बटणावर होतंच. तो फोटो सुरेख आला. फुमिएबाई शांत, प्रसन्न. आणि मागे हामा, नळी, सात-आठ बादल्या.

"अहो, देव्हाऱ्यासाठीचा फोटो काढतोय," मोमोसेंनी वाकून वाकून माफी मागत सांगितलं.

"असं होय! मग खांदे खाली पाडा, फुमिए-सान," हामा म्हणाले.

"डावा गाल पुढे. डावा बरा आहे तुमचा," दुसरं कोणीतरी म्हणालं.

"कोणाचा हात नका येऊ देऊ खांद्यावर," आजींनी बजावलं.

एव्हाना ऊन उतरलं होतं. कोणीतरी आपणहून दिवा लावला. विजेच्या दिव्याची लुकलुक माणसाला दिसत नाही, पण या कॅमेऱ्याला दिसते. पुढच्या सगळ्या फोटोंत फुमिएबाईंवर आडवे काळे पट्टे उमटले.

फुमिएबाईंनी स्क्रीनवर वाकून पाहिलं. "मी तुरुंगात वारले असं वाटेल लोकांना," त्या म्हणाल्या. मग एकदम थकल्यासारख्या उठल्या. "राहू द्या. तुमच्याच्यानं नाही व्हायचं. बगळाच लावा."

त्यांनी ते हसत म्हटलं, पण चाळीस वर्षांच्या संसारात मोमोसेंना एवढं नक्की कळत होतं की ते हसू नव्हतं.

आलेल्या माणसांना चहा द्यायला हवा होता. फुमिएबाईंनी पट्टे पाडणारा तो दिवा आधी मालवला, शेगडीवरची किटली उचलली आणि लोणच्याच्या बशा मांडायला घेतल्या. मोमोसे कोपऱ्यात कॅमेरा धरून अपराध्यासारखे बसले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी तो डोळ्याला लावला.

खिडकीत संध्याकाळ निळी होत चालली होती. तळ्यावरून धुकं वर येत होतं, किटलीतून वाफ निघत होती, आणि लेन्सच्या काचेतलं धुकं त्या दोन्हींत मिसळून गेलं. त्या मऊ उजेडात फुमिएबाई किटली हातात धरून क्षणभर थांबल्या आणि तळ्याकडे पाहू लागल्या. पांढरे केस कडेने पेटल्यासारखे दिसले. कसला विचार करत होत्या कोण जाणे. ही बाई आपल्याच घरात राहते, आपल्याला रोज भात वाढते, आणि आपण हिला ओळखत नाही, असं मोमोसेंना वाटलं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त हुरहूर लागली. त्यांनी बटण दाबलं. कोणालाच काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, बायकोला न सांगता, ते स्टेशनजवळच्या कानाइंच्या फोटोच्या दुकानात गेले. "मोठा करून द्या," ते म्हणाले. कानाइंनी फोटो पाहिला आणि "कोण या?" असं हळूच विचारलं. मोमोसे काहीतरी बोलायला गेले, कशीबशी दोन वाक्यं बोलले आणि नाक पुसत बाहेर पडले. कानाइंनी दारापर्यंत येऊन कमरेत वाकून निरोप दिला, घरचा पत्ता विचारून घेतला. माणूस भारी अदबशीर, असं मोमोसेंना वाटलं.

चार दिवसांनी ते तोफू घेऊन घरी आले, तर दाराशी चकचकीत काळे बूट. घरात उदबत्तीचा वास. आतून कानाइंचा आवाज येत होता. सरकत्या दाराच्या फटीतून त्यांना चटईवर काळ्या फितीच्या चौकटीतला फोटो दिसला, आणि त्यापुढे काळा सूट घालून डोकं टेकलेले कानाइ. समोर फुमिएबाई ताठ बसल्या होत्या.

"आपण त्यांच्या थोरल्या बहीण का?" डोकं वर करून कानाइंनी विचारलं.

 फुमिएबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कानाइंच्या काळ्या सुटाकडे.

"हो," फुमिएबाई म्हणाल्या. "थोरली."

"फार लवकर गेल्या. आणि मोमोसे-सान! माझ्या दुकानात पुष्कळ माणसं येतात, पण असा नवरा नाही पाहिला. म्हणाले, 'चाळीस वर्षं मी भलतीकडेच बघत बसलो. एवढी सुंदर बाई घरात होती, आणि मला आत्ता दिसली.'"

"असं म्हणाले?"

"रडत होते हो."

फुमिएबाईंनी मान खाली घातली. त्यांचा हात तोंडाकडे गेला आणि मग हळूच डोळ्यांकडे वळला. मोमोसे दाराआड उभे होते. आत जावं तर पंचाईत, पळावं तर पुढचं ऐकायचं राहील. तेवढ्यात तोफूचं पाणी चटईवर ठिबकलं आणि फुमिएबाईंनी वर पाहिलं.

"या, आत या," त्या म्हणाल्या. "बसा इथे. तुमच्या बायकोबद्दल बोलणं चाललंय. कानाइ-सान, थांबू नका. आणखी काय काय म्हणाले?"