लाल शाईतला तिसरा घोट

'ओल्या दगडाची चव' हे शब्द भिंगरावांनी बावीस वर्षं न अडखळता छापू दिले होते. छापखान्यात प्रूफं वाचायचं काम त्यांचं. औषधाच्या खोक्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं ते भिंगातून वाचत, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. शहराबाहेरच्या एका द्राक्षमळ्याच्या वाइनची लेबलंही इथेच छापली जात. त्यांच्यावर दरवर्षी तेच: पिकलेली चेरी, ओला दगड, जुनं चामडं. भिंगरावांनी तिन्ही गोष्टी तपासल्या होत्या, पण अक्षरांपुरत्या.

मग एका शनिवारी लेबलाच्या मजकुरासोबत मळ्याकडून एक भरलेली बाटलीही आली. छापखान्याचे मालक पोटाचे नाजूक. अक्षरजुळणीच्या बाईंना खोकल्याचं औषध घेतलं तरी झोप यायची. बाटली फिरत फिरत भिंगरावांच्या पिशवीत येऊन पडली.

"अहो, हे आपण प्यायचं?" बायकोने विचारलं.

"बावीस वर्षं सही करतोय मी त्या मजकुराखाली. एकदा खरंखोटं तरी बघू."

दोघांनी पाण्याच्या ग्लासातून एकेक घोट घेतला.

"आंबट आहे," बायको म्हणाली.

"आणि दगड?"

"दगड नाही बाई लागला."

उरलेली वाइन ओतून तिने बेसिनचा नळ घासला. नळावरचे पांढरे डाग निघाले. "चांगली आहे हो," ती म्हणाली आणि त्यांच्या घरात वाइनचं पहिलं कौतुक झालं ते असं.

भिंगरावांना मात्र चैन पडेना. आपण खोट्या मजकुराखाली सही करत आलो की काय, ही शंका त्यांना आतून कुरतडू लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडीतला एक गोटा उचलला, नळाखाली धुतला आणि जिन्यात उभं राहून चाटला. मग कमरेचा पट्टा काढून त्याचं टोक चघळलं. समोरच्या शेजारणीने दार उघडलं, पाहिलं आणि तितक्याच हळूच लावलं.

"वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?" तिने संध्याकाळी विचारलं. "भाऊ पट्टा खात होते."

"ऑफिसचं काम घरी आणतात ते," बायको म्हणाली.

पुढच्या शनिवारी दुसरी बाटली आली, आणि त्या दिवशी खरी गोष्ट घडली ती फोनमुळे. बायकोने वाइन ग्लासात ओतली, घोटभर चाखली आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. हा फोन कधी तासाच्या आत संपल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. भिंगराव ग्लासासमोर बसून राहिले. खिडकीतून तिरपं ऊन आलं, ग्लासातून गेलं आणि टेबलावर तांबूस डाग होऊन सरकू लागलं. डाग मिठाच्या भांड्यापर्यंत पोचला तेव्हा फोन संपला. बायकोने पुन्हा घोट घेतला आणि ती थांबली.

"अहो, ही तीच आहे?"

"तीच."

"मघाशी नुसतीच आंबट होती. आता आत काहीतरी आहे हिच्या."

भिंगरावांनी घोट घेतला. आत खरंच काहीतरी होतं. चेरी नव्हती, दगड नव्हता, पण त्यांना अचानक शाळेतला नवा कंपास आठवला, झाकण उघडल्यावर येणारा त्याचा वास आठवला. वाइनला थांबायला लागतं, हा शोध त्या दोघांनी स्वतःच्या अकलेने लावला. तेव्हापासून दर शनिवारी बाटली उघडली की बायको आधी बहिणीला फोन लावी. इतक्या वर्षांनी आलेल्या या मायेने बहीण गहिवरून गेली.

हळूहळू दोन काचेचे उंच ग्लास आले, एकमेकांशी न जुळणारे. बाटल्याही येत राहिल्या, कारण मळ्यावर नवी लेबलं भराभर निघत होती. भिंगराव घोट घेऊन डोळे मिटत आणि जुन्या प्रूफाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहीत: 'सायकलच्या दुकानाचा मागचा दरवाजा.' 'उन्हात तापलेली पत्र्याची पेटी.' त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बायको बोलू लागली होती. गेली कित्येक वर्षं त्या दोघांमध्ये किल्ली कुठे आहे, बल्ब गेलाय आणि गिरणी बंद आहे, एवढाच मजकूर उरला होता. आता ती ग्लास फिरवत अशा गोष्टी सांगे, ज्या भिंगरावांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. ते आठवडाभर शनिवारची वाट बघत आणि हे कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटे.

अशाच एका शनिवारी ती म्हणाली, "आपली पहिली भाड्याची खोली आठवते? ते रिकामं कपाट? फळ्यांना सफरचंदांचा वास यायचा. आधीच्या भाडेकरूंनी ठेवली असणार. पहिल्या दिवशी तुम्ही कामावर गेलात आणि मी त्या कपाटात डोकं घालून रडले होते. हिच्यात तोच वास आहे." मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "हे कुणाला सांगू नका हं."

"मी कुणाला सांगणार?" भिंगराव म्हणाले. त्यांना ते तिथल्या तिथे लिहून ठेवायचं होतं. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. खिशात लाल पेन होतं आणि समोर होतं नव्या लेबलाचं प्रूफ, जे सोमवारी द्यायचं होतं. त्यांनी त्याच्यावरच लिहिलं.

आता इथे छापखान्याचा एक नियम सांगायला हवा. जुळणीच्या बाईंनी एकदा स्वतःचं डोकं चालवून कुणाच्या तरी पत्रिकेत वराचे दोन आजोबा कमी केले होते. तेव्हापासून मालकांचा हुकूम होता की लाल शाईत असेल ते जसंच्या तसं जुळवायचं, डोकं चालवायचं नाही. बाईंनी सोमवारी तेच केलं. जुना मजकूर काढला, लाल शाईतला घातला आणि दुसरं प्रूफ भिंगरावांच्या टेबलावर आणून ठेवलं. भिंगरावांनी ते भिंगातून वाचलं. एकेक शब्द सफरचंदाच्या वासात न्हाऊन निघालेला. ते शेवटपर्यंत पोचले तेव्हा त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. सगळं अगदी खरं होतं. त्यांनी खाली सही केली.

अकरा दिवसांनी मालकांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर बाटली होती आणि खुर्चीवर स्वतः मळेवाले, हातात काठी घेतलेले.

"भिंगसाहेब," मालक म्हणाले. ते साहेब म्हणाले की समजावं, धडगत नाही. "हे जरा मोठ्याने वाचा."

भिंगरावांनी वाचलं. "पहिला घोट: रुसलेली बायको. दुसरा: रुसलेलीच, पण कान इकडे. तिसऱ्या घोटाला दार उघडतं. आत पहिली भाड्याची खोली, रिकामं कपाट, फळ्यांना सफरचंदांचा वास. त्यात डोकं घालून ती रडली होती. मला ते आज कळलं."

"कुठे कुठे गेल्यात बाटल्या?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सगळीकडे," मालक म्हणाले.

नोकरी जाईल, हे भिंगरावांच्या डोक्यात आलंच नाही. 'मी कुणाला सांगणार' असं आपण म्हणालो होतो, एवढंच आठवलं. ती आता पुन्हा किल्ली आणि बल्बवर येईल. आणि तिचं काही चुकणार नाही.

मळेवाल्यांनी घसा साफ केला. "नऊ वर्षांपूर्वी मला ताप आला. तेव्हापासून मला वास येत नाही."

मालकांनी पाणी पुढे केलं.

"वास नाही म्हणजे चवही नाही. कुणाला सांगितलं नाही. जुन्या लेबलावरचंच पाठवत राहिलो, चेरी, दगड, चामडं. लोक वा वा म्हणायचे. नेमकं काय लागतं, ते एकानेही सांगितलं नाही." त्यांनी बाटली भिंगरावांकडे सरकवली. "ते सफरचंदाचं पुन्हा एकदा वाचा. सावकाश. आणि पुढच्या छपाईला हाच मजकूर ठेवा."

"आमच्याकडे ही खास सोय असतेच," मालक तत्परतेने म्हणाले. "गिऱ्हाइकाने मागायच्या आधीच देतो आम्ही."

भिंगरावांनी सावकाश वाचलं. तो शुक्रवार होता. घरी त्यांनी तोंड उघडलं नाही. शनिवारी दुपारी कामावरून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत त्यांना तीच बाटली ओळीने उभी दिसली. बायको रोज याच रस्त्याने जायची. शब्द जुळवत ते तीनदा कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचं एक धड वाक्य सुचेना.

घरात ऊन टेबलावर आलं होतं. दोन्ही ग्लास मांडलेले होते. मधे कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली, उघडलेली.

"बहिणीशी बोलून झालं," बायको म्हणाली. "बसा."

"अगं, मी..."

"आधी वाचा."

भिंगरावांनी सवयीने भिंग काढलं. लेबलावर दुरुस्ती केलेली होती. 'रुसलेली' हा शब्द दोन्ही ठिकाणी नीट आडव्या रेघेने खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'दमलेली'. कपाटाच्या ओळीला तिने हात लावला नव्हता.

"रुसायला वेळ कुठे होता मला?" ती म्हणाली. "एवढी वर्षं भिंग लावून बसता आणि एवढं दिसलं नाही?"

तांबूस डाग मिठाच्या भांड्याशी आला होता.

"आणि कपाटाचं?" भिंगरावांनी हळूच विचारलं. "ते काढायला सांगू का?"

"राहू दे. ते खरं आहे." तिने ग्लासात ओतलं. "मी लाल शाईनेच केलंय. म्हणजे आता त्यांना छापावंच लागेल ना?"

"लागेल," भिंगराव म्हणाले.

कोपऱ्यात खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग इस्त्रीची वाट बघत पडला होता. तो तिथे कायमच असायचा. भिंगरावांनी एक घोट घेतला, ग्लास ठेवला आणि उठून इस्त्रीची वायर लावली.

"अहो, दोन घोट राहिलेत अजून," बायको म्हणाली.

"असू दे. हिला थांबलेलं चालतं," ते म्हणाले आणि त्यांनी पहिला शर्ट उचलला.