राणोजी वस्तादांचे मन दुखावले त्याची हकीकत

श्रीबलभीम प्रसन्न. वृद्धांमुखी ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, एका राज्यात थोर पाठशाळा होती. तेथे शास्त्रीमंडळी न्याय, व्याकरण सांगत आणि राणोजी खराडे वस्ताद व गोजराबाई उभयतां मुलामुलींस मल्लखांब, लेझीम शिकवीत. वस्ताद अंगाने पहाड, मनाने हळवे. पोर पडले तर आपलेच हाड मोडले ऐसे कळवळत. त्या साली उत्सव जाहला आणि मुलांची कसरत पाहून सभा थक्क जाहली. मग मुख्य वेदमूर्ती विश्वंभरशास्त्री यांनी एकेका शास्त्र्यास शाल दिली, आणि वस्तादांकडे वळून आज्ञा केली की, सतरंज्या उचलून ठेवाव्या. वस्तादांनी उचलल्या, परंतु मुखावर रक्त चढले. आखाड्यात येऊन गोजराबाईंस म्हणाले की, आता दुसऱ्या राज्यात चाकरी धरितो आणि जाताना शास्त्रीबोवांस जन्माची याद राहील ऐसे सुनावितो. बाईंनी सर्व ऐकून घेतले. मग पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाल्या, "राग सांगाल तर ते रागच ऐकतील. दुःख जाहले आहे, तर दुःख सांगा." वस्ताद बहुत वेळ हातांची माती चोळीत बसले आणि मग शास्त्रीबोवांच्या घरी गेले. तो प्रसंग कुस्तीहून कठीण पडला. आवाज चढू लागला, तो आवरिला आणि म्हणाले, "महाराज, सतरंजी उचलण्याची लाज नाही. मुले आम्हीही घडवितो, हे आपल्या ध्यानी आले नाही, त्याचे वाईट वाटले." शास्त्रीबोवा हळू बोलले, "वस्ताद, आपले शरीर ऐसे दणकट, आपणांस काही लागत असेल हे आमच्या मनातच आले नाही."

लोक म्हणत, आता शाल येईल. शाल आली नाही. एके सकाळी शास्त्रीबोवाच आखाड्यात आले आणि पोरांमध्ये मातीत बसले, आणि बाईंनी हाती लेझीम दिली तेव्हा उठून नाचले, पाऊल चुकले, पोरे हसली, तेही हसले. मग धापा टाकीत पोरांस म्हणाले, "तुमचे आचार्य दमवितात बरे." आचार्य हा शब्द तोवर ग्रंथ सांगणारांसच होता. वस्तादांनी तोंड फिरविले आणि एका पोराचा लंगोट घट्ट असताही सोडून पुन्हा बांधू लागले.

तात्पर्य, गड घेतला नाही, मुलूख वाढला नाही. एक माणूस जाणार होता तो राहिला आणि तेथेच सुखाने म्हातारा जाहला. इतकेच घडले, ते लिहिले.